लोकसभेला उभं राहायचं, निवडून यायचं नाही

सरपंचकीला पडलात, सोसायटीच्या पॅनलमधून ऐनवेळी नाव कटलं, झेडपीला आरक्षण आडवं आलं, मग आता काय राहिलं? लोकसभा. हसू नका भाऊ, सिरीयसली सांगायलोय. ग्रामपंचायतीला खरा त्रास असतो, तिथं प्रत्येक मतदाराला तुमची उधारी माहितीये. लोकसभेला सहा विधानसभा मिळून एक मतदारसंघ, अठरा-वीस लाख मतदार, तिथं कोण कोणाला ओळखायलंय?

पात्रता काही विशेष नाही. वय 25 पूर्ण आणि देशात कुठंतरी मतदार यादीत नाव. तुमचं नाव उमरग्याच्या यादीत असलं तरी नांदेडातून खुशाल उभं राहा, कायदा अडवत नाही. अनामत 25 हजार, अनुसूचित जाती-जमातीला साडेबारा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक (अर्जावर सही करणारा मतदार) एकच लागतो, अपक्षाला दहा आणि ते त्याच मतदारसंघातले पाहिजेत, तेवढी माणसं चहा पाजून जमतात (सही केली म्हणजे मत देतील असं मात्र धरून चालू नका). काही हौशी लोक अनामतीचे पैसे चिल्लर करून थैलीत नेतात, कॅमेरावाले जमतात, कर्मचारी बिचारे नाणी मोजत बसतात. करा तुम्हीबी, पण अर्ज घ्यायची वेळ 11 ते 3 एवढीच असते, मोजता मोजता तीन वाजले तर नुसती चिल्लर घेऊन परत यावं लागेल.

शपथपत्र भरताना एकही रकाना कोरा सोडायचा नाही. दागिने निरंक, गाडी निरंक, शेतजमीन निरंक, बायकोच्या नावावर काय ते तिला न विचारता निरंक. गुन्हे असतील तर घाबरू नका, लपवले तरच अडचण, दाखवले तर पेपरात तीन वेळा जाहिरात द्यावी लागते, म्हणजे तेवढीच प्रसिद्धी.

चिन्हाचं मात्र डोकं लावून बघा. तीन पसंती द्यायच्या असतात. गॅस सिलेंडर, रोड रोलर, बॅट असलं काहीही मिळतं, पण ज्याला पोच आहे तो मोठ्या पक्षाच्या चिन्हाचा भाऊबंद शोधतो. 2024 ला बीडात एका पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस आणि एका अपक्षाच्या वाट्याला आली नुसती तुतारी. त्या अपक्षाला 50 हजाराच्या वर मतं पडली राव, आणि सीटचा निकाल लागला 6,553 मतांनी! तिकडं दिंडोरीत तर निवडून आलेल्या उमेदवाराच्या नावासारखं नाव असलेल्या अपक्षाला लाखभर मतं. तेव्हा आईबापांनी ठेवलेलं नाव आधी तपासून घ्या, त्या नावाचा एखादा पुढारी निघाला तर नशीब उघडलं समजा.

आता मुद्द्याचं. अर्ज भरणं हे काम नाही, काम आहे माघार. छाननी झाली की माघारीच्या मुदतीपर्यंत तुम्ही या जिल्ह्यातले सगळ्यात महत्त्वाचे माणूस असता. जे लोक लग्नात तुम्हाला दुसऱ्या पंगतीला बसवायचे ते काळ्या काचाच्या गाडीतून दारात येतात, "अण्णा, जरा समाजाचा विचार करा" म्हणतात. फोन पहिल्या दिवशी उचलायचा नाही. दुसऱ्या दिवशी बायकोनं उचलायचा, "ते शेतात गेलेत". पैसे देऊन उभं करणं किंवा बसवणं ही लाच आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा कलम 123, म्हणून आपल्याकडं कोणीच देत नाही आणि कोणीच घेत नाही, नुसतं भेटायला येतात. आणि गंमत बघा, माघार घेतली की सरकारकडची अनामतबी परत मिळते. व्याज मिळत नाही, तेवढं सोसा.

नाहीच कोणी आलं भेटायला, तर लढा. मोठ्या उमेदवाराला अशा माणसाचाबी उपयोग असतो: त्याच्या खर्चाला 95 लाखाची मर्यादा, मग तुमच्या नावावर गाड्यांची परवानगी निघते, तुमच्या नावाचे एजंट बूथवर आणि मतमोजणीच्या टेबलाला बसतात आणि आकडे मात्र त्याच्यासाठी टिपतात. तुम्ही फक्त सह्या करायच्या. मशीनवर तुमचं नाव खाली, मान्यताप्राप्त पक्ष आधी, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, सगळ्यात शेवटी 'नोटा', म्हणजे वरीलपैकी कोणीच नाही. बीडला चाळीसच्या वर उमेदवार झाले, तीन तीन बॅलट युनिट जोडावी लागली, त्या गर्दीत तुमची आत्याबी तुम्हाला शोधून शोधून दमणार. एक षष्ठांशाच्या वर मतं नाही पडली तर अनामत जप्त, म्हणजे 12 लाख वैध मतं पडली तर तुम्हाला 2 लाखाच्या वर पाहिजेत. सोडून द्या. 2024 ला अख्ख्या देशात अपक्ष निवडून आले 7, त्यात महाराष्ट्राचा एक, सांगलीचा, तोबी माजी मुख्यमंत्र्याचा नातू.

हां, एक वाईट उदाहरण सांगून ठेवतो, त्याच्या नादी लागू नका. नांदेडला लागून तेलंगणातलं निजामाबाद आहे, तिथं 2019 ला हळदीला भाव नाही, हळद बोर्ड नाही म्हणून पावणेदोनशेच्या वर शेतकऱ्यांनी अर्ज भरले आणि माघार न घेता ठेवले, एकूण उमेदवार 185. मुख्यमंत्र्याची मुलगी पडली तिथं, आणि 2025 ला त्याच निजामाबादला हळद बोर्डाचं ऑफिस झालं. असलं काही करायचं नाही. आपल्या वसमत-हिंगोलीलाबी हळद आहे, पण एवढे लोक एका मागणीसाठी उभे राहिले तर माघारीला भाव कसा राहील?

प्रचारात काय बोलायचं हा प्रश्न येईल. रेल्वेचं बोलू नका, तो विषय मोठ्या पक्षांसाठी राखीव आहे. नगर-बीड-परळी 1995 ची मंजुरी, बीडात गाडी आली 2025 ला, मध्ये किती लोकसभा त्याच रुळावरून गेल्या मोजा. तुम्ही नालीचं, डीपीचं, पीकविम्याचं बोला. नाली लोकसभेत बसत नाही असं एखादा शहाणा पोरगा म्हणेल. त्याला म्हणावं, लोकसभेत काय बसतं ते तू कुठल्या उमेदवाराला विचारलंस का कधी?

निकालानंतर चौकात फ्लेक्स लावा, "माजी लोकसभा उमेदवार", खाली मतं किती ते छापू नका. आणि एवढं विसरू नका: निकालापासून 30 दिवसात खर्चाचा हिशोब जमा करायचा, चहा, रिक्षा, भोंगा, पावत्यासकट. आळस केला तर आयोग 3 वर्षासाठी अपात्र करू शकतो, आणि मग लोकसभेपाठोपाठ विधानसभा आलेली असते, तिथं माघार घ्यायची संधी हातची जाईल.