पाहुण्याला 'आज नाही' सांगायची लाज का वाटते?

मुंबईची खाद्यओळख म्हटलं की वडापाव. जाहिरातीत वडापाव, फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकावर वडापाव. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर तो पहिल्यांदा मिळाला असं मानलं जातं, आणि पाळी संपवून लोकल पकडणाऱ्या गिरणी कामगाराचं पोट त्याने उभ्याउभ्या भरलं. पण पोस्टरवर तोच का चढला? मला विचाराल तर एकच कारण : बटाट्याला मोसम नसतो. जानेवारीत या, जुलैत या, रात्री बाराला या. पर्यटनवाल्यांना असलाच पदार्थ परवडतो.

मुंबईच्या घरांतलं खाणं मात्र महिन्यावर चालतं. आणि नेमकं तेच आपण पाहुण्यापासून लपवतो.

आता पावसाळ्याचंच बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, कारण तो माशांच्या विणीचा काळ. बिनइंजिनाच्या होड्या किनाऱ्यालगत जातात, त्यांचं थोडंफार बाजारात येतं, तेवढंच. कोळी तर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच खरा मोसम मोजतात. या दिवसांत घरात सुक्या मासळीचे डबे उघडतात : सुके बोंबील, जवळा (बारीक सुकी कोळंबी), सोडे (सोलून सुकवलेली मोठी कोळंबी). बाहेर धो धो पाऊस आणि पानात सोड्याची खिचडी, वर साजूक तूप... याला कुणी नाइलाजाचं जेवण म्हणत असेल तर त्याने ती खाल्लेली नाही.

आणि अशा ऐन जुलैत एका बऱ्यापैकी नावाजलेल्या हॉटेलात माझ्या दिल्लीच्या पाहुण्यांपुढे 'फ्रेश सुरमई' आली. फ्रेश कुठून, विचारलं तर वेटर म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे बारा महिने फ्रेशच असते." पाहुणे खूश झाले. मी गप्प बसले. काटा दिसत होता म्हणून मासा म्हणायचं, बाकी चव बर्फाची होती. त्याच स्वयंपाकघरात जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी करायला काय जड होतं?

जूनच्या सुरुवातीला दादर स्टेशनबाहेर पालघर, कर्जतकडच्या आदिवासी बायका शेवळं या पावसाळी रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकड नावाच्या रानझाडाची हिरवी फळं असतात. ती घ्यावीच लागतात, कारण शेवळं खाजरी. बाहेरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडांच्या आंबट रसात शिजवायचं. यात हयगय झाली तर संध्याकाळपर्यंत घसा खवखवतो. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत यात सोडे पडतात, पाठारे प्रभूंकडे कोळंबी. थोडे दिवस, मग वर्षभर नाव नाही. भारंगी, टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्यांचंही तसंच. हे बघायला कुणी विमानाने येईल का? येईल. माणसं एका आंब्यासाठी रत्नागिरीला जातात.

बोंबलाचं दुखणं वेगळं. तो इतका पाणीदार की जाळ्यातून निघाला की घाई सुरू. पाटीवरून घरी, चीर देऊन पाट्याखाली दाबून पाणी काढायचं, मग मसाला, तांदळाचं पीठ आणि तवा. उरला तर सुकवायचा. वर्सोव्याला, मढला बांबूंवर एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील दिसतात. तिथे वास येतो म्हणून नाक दाबून फोटो काढणारे पर्यटक मी पाहिलेत. त्यांचा राग येत नाही, त्यांना कुणी तिथे बसवून जेवायला वाढलं नाही याचा येतो.

माहीमच्या कोळीवाड्यात महापालिकेने बचतगटाच्या बायकांसाठी सी फूड प्लाझा सुरू केला, ती मला योग्य दिशा वाटते. शिजवणारी बाईच गल्ल्यावर बसते. नाहीतर पर्यटकांना खाण्याच्या ठिकाणांवरून फिरवणारा फूड वॉकवाला माणशी हजारांत घेतो आणि गाडीवालीला एका प्लेटचे पैसे मिळतात.

"पर्यटक दोन दिवसांसाठी येतो, त्याला कॅलेंडर काय सांगता?" असं माझा भाऊ म्हणतो. अरे, दोन दिवसांसाठी येतो म्हणूनच सांगायचं! या आठवड्यात काय आहे एवढंच सांगा. मे महिन्यात ताडगोळे. रमजानात मोहम्मद अली रोडवरचे मालपुवे. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतली मिठाई. थंडीत भुलेश्वरकडचा उंधियू.

पर्यटन खात्याने महिन्यावार एक पानी पत्रक काढून विमानतळावर आणि सीएसएमटीला ठेवावं. हॉटेलांनी जून-जुलैत सुक्या मासळीचं वेगळं कार्ड छापावं. आणि दादरच्या शेवळंवालीला जूनचे ते थोडे दिवस बसायला हक्काची जागा द्यावी. महापालिकेची गाडी आली की टोपली उचलून पळणाऱ्या बाईकडे पाहुण्याला कुठल्या तोंडाने न्यायचं?