चॅम्पियन म्हणे गोळ्या घरी भरतात!

परवा फॅमिली ग्रुपवर आमच्या कोल्हापूरच्या दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, एक फॉरवर्ड टाकला. हाच मला त्याआधी अजून तीन ग्रुपवर येऊन गेला होता त्यामुळे म्हटलं आता एकदा लिहूनच टाकते. त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात सांगते: जगातले टॉपचे पिस्तूल शूटर दुकानातली गोळी वापरतच नाहीत, घरी स्वतःच्या हाताने भरतात, ती अर्ध्या किमतीत पडते, दुप्पट अचूक आणि दुप्पट ताकदीची असते, शिकायला एक रविवार पुरतो, आणि भारतात हे करू देत नाहीत म्हणून आपली मेडलं हुकतात. खाली झेंडा, हात जोडलेले, नेहमीचं सगळं. आणि त्याखाली दादाचा प्रश्न, "तू हेच करतेस ना गं तिकडे?"

हो दादा, हेच करते. ओहायोत राहते, सहा वर्षं रिव्हॉल्व्हरच्या मॅचेस खेळतेय आणि माझ्या मॅचच्या गोळ्या बेसमेंटमध्ये बसून मीच भरते. म्हणून तर सांगतेय की त्या फॉरवर्डमध्ये खरं फार थोडं आहे.

आधी एक शब्दाची भानगड. मराठीत आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. पण अख्खं काडतूस वेगळं आणि पुढे उडून जातो तो शिशाचा तुकडा वेगळा. काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची केस म्हणजे नळकांडं, तिच्या बुडाशी ठोका बसला की पेटणारा प्रायमर, आत पावडर आणि वर बुलेट, म्हणजे तो उडणारा तुकडा. फायर झाल्यावर केस तशीच उरते, ती गोळा करून नीट आकारात आणायची आणि बाकीच्या तीन वस्तू नव्याने घालायच्या, याला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात. मॅगझिनमध्ये गोळ्या भरणं हा निराळाच प्रकार. मला तर दाट संशय आहे की कुणीतरी कुठल्यातरी चॅम्पियनला मॅगझिन भरताना बघितलं आणि तिथून हा फॉरवर्ड जन्माला आला.

आता पहिला दावा, ऑलिंपिकवाले घरी भरतात. ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे प्रकार कुठले ते बघा ना. १० मीटर एअर पिस्तूल, त्यात पावडरच नसते, दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा छर्रा जातो. पॅरिसला खिशात हात घालून सिल्व्हर नेणारे ते तुर्कस्तानचे काका, युसुफ दिकेच, ज्यांचे मीम्स तुम्ही सगळ्यांनी पाठवले, ते हेच खेळत होते. मग बायकांचं २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांचं २५ मीटर रॅपिड फायर, ही दोन्ही पॉइंट २२ या बारीक गोळीवर. आणि पॉइंट २२ ही रिमफायर, म्हणजे तिला वेगळा प्रायमर नसतोच, पेटणारा मसाला केसच्या कडेच्या घडीत भरलेला असतो, पिस्तुलातली ठोका देणारी फायरिंग पिन ती कडच चेमटवते. एकदा उडाली की केस कचऱ्यात, परत भरायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे ऑलिंपिकच्या अख्ख्या पिस्तूल विभागात घरी भरता येईल अशी गोळी एकही नाही. विषय संपला.

मग ते लोक अचूक गोळी आणतात कुठून, तर फॅक्टरीतून, पण निवडून. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या मॅच गोळ्या लॉटनुसार, म्हणजे एकेका खेपेत बनलेल्या, येतात आणि एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे वागतात, त्यामुळे मोठे खेळाडू, रायफलवाले जास्त, आपलं बॅरल घेऊन जातात, शिकंज्यात बसवून एकेक लॉट मारून बघतात आणि पसंत पडलेल्या लॉटचे खोकेच्या खोके उचलतात. साडी घेताना आई सगळा गठ्ठा उलगडायला लावते तसंच.

आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या पिस्तूल प्रकारांत भरता येण्यासारखा एकच, २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल, म्हणजे जिथे प्रायमर केसच्या बुडाच्या मधोमध असतो. बहुतेक जण पॉइंट ३२ स्मिथ अँड वेसन लाँग नावाची गोळी वापरतात, आणि बुलेट वॅडकटर, म्हणजे तोंड अगदी सपाट असलेली, कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल स्वच्छ भोक पाडते त्यामुळे रेघेला शिवलं की नाही यावर वाद कमी. पण हा ऑलिंपिकमध्ये नाही, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये असतो, आणि २०१४ पर्यंत एशियन गेम्समध्येही होता. फॉरवर्डमधला 'भारत मागे' वाला मुद्दा मला इथेच उरकून टाकायचाय, कारण नेमक्या याच प्रकारात जसपाल राणाने २००६ ला दोहात ५९० मारून वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी केली होती! रॅपिड फायरमध्ये विजय कुमारने २०१२ ला लंडनला सिल्व्हर घेतलं. आणि कोल्हापुरात बसून हा फॉरवर्ड पाठवणाऱ्या माणसाने आपल्या राही सरनोबतला विसरावं? २०१८ एशियन गेम्स, पालेमबांग, २५ मीटर पिस्तूल, फायनलला ३४-३४ अशी बरोबरी, मग शूटऑफ, तोही पुन्हा बरोबरीत, मग दुसरा शूटऑफ आणि गोल्ड. त्यातली एकही गोळी घरी भरलेली नव्हती, असूच शकत नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर भारतात शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, तो नसताना घरात भरत बसलात तर गुन्हा आहे आणि साधासुधा नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. तेव्हा फॉरवर्ड वाचून कुणाला हुरूप आला असेल तर कृपा करून बसा खाली. आणि इथे अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला केंद्राचं लायसन्स लागत नाही हे खरं, पण विकायचं म्हटलं की तेही लागतं. आपल्या शूटर्सची खरी रड वेगळी आहे, चांगली मॅच गोळी बाहेरून येते, महाग पडते, वेळेवर मिळेलच असं नाही, आणि गोळ्या मोजून मारायच्या म्हटल्यावर सराव होणार कसा. त्याच्यावर कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुप्पट अचूक. हां, रायफलवाले लांबून, पाचशे-हजार मीटरवरून मारतात तिथे हाताने भरलेल्याचा फरक पडतो, तो विषय वेगळा. पण पिस्तुलाचं गणित करून बघा. २५ मीटर प्रिसिजन टार्गेटचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. चांगली फॅक्टरी मॅच गोळी शिकंज्यात बसवलेल्या पिस्तुलातून त्याच अंतरावरून मारली तर सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील. म्हणजे गोळी आधीच गरजेपेक्षा अचूक आहे. उरलेलं सगळं हलतं ते आपलं मनगट, आपला श्वास आणि सगळ्यात जास्त ट्रिगरवरचं बोट. मी माझ्या पहिल्या वर्षी चार प्रकारच्या बुलेट आणून वहीत तक्ते केले होते, कुठली किती मिलिमीटर, आणि शेवटी क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी रिव्हॉल्व्हर घेतली, माझीच सगळ्यात 'वाईट' ठरवलेली गोळी घातली आणि उभ्याने सगळ्याच्या सगळ्या टार्गेटच्या मधल्या काळ्यात मारल्या. वही बंद.

अर्थात अपवाद आहे, नाही असं नाही. इथे बुल्सआय म्हणून जुना खेळ आहे, २५ आणि ५० यार्डांवरून एका हाताने, पॉइंट २२, सेंटर फायर आणि पॉइंट ४५ अशा तिन्ही गन मिळून एकूण २७०० गुणांचा. आमच्याच ओहायोत लेक इरीच्या काठाला कॅम्प पेरी आहे तिथे याची नॅशनल्स कित्येक वर्षं झाली. त्यातले जुने जाणते ५० यार्डाला एक लोड, म्हणजे पावडर-बुलेटचं एक माप, आणि २५ ला दुसरा, हलका, भरून आणतात. पण त्यांनाही विचारा, २५ ला हलका कशाला, तर सांगतील हात कमी उडतो म्हणून.

आणि इथेच 'दुप्पट ताकद' वाला दावा तोंडावर आपटतो, कारण आम्ही भरतो ते बहुतेक वेळा ताकद कमी करायला! यूएसपीएसए या इथल्या पिस्तूल स्पर्धांच्या संघटनेच्या मॅचमध्ये पॉवर फॅक्टर नावाचा प्रकार असतो, गोळीचा जोर मोजायला. बुलेटचं वजन ग्रेन या बारीक मापात गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले हजार. मायनर या खालच्या वर्गासाठी किमान १२५ लागतो. आता दुकानातली नाईन एमएम, १२४ ग्रेनची, ११२० च्या वेगाने गेली तर होतात जवळजवळ १३९. म्हणजे १४ पॉइंटचा धक्का तुम्ही फुकट खाताय. भरणारा माणूस काय करतो, १४७ ग्रेनची जड बुलेट घेतो आणि ८८० च्या वेगाला ठेवतो, होतात १२९, नियमातही बसलं, पिस्तूलही कमी उसळलं, दुसरी गोळी लवकर सुटली. अगदी १२५ ला चिकटून कुणी ठेवत नाही कारण मोठ्या मॅचला तुमच्या गोळ्या काढून घेतात, एक फोडून बुलेट वजनकाट्यावर ठेवतात, बाकीच्या वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवरून मारतात, आणि १२५ च्या खाली आलात तर खेळा हवं तेवढं, स्कोअर शून्य. थंडीत वेग पडतो हेही धरावं लागतं. मेजर म्हणून १६५ चाही वर्ग आहे, तिथे कडेच्या गोळ्यांना एकेक गुण जास्त मिळतो, त्यामुळे काही जण मुद्दाम जोरकस भरतात हे मान्य. पण दुप्पट? दुप्पट केलीत तर पिस्तुलाचे तुकडे वेचत बसाल.

अर्ध्या किमतीत. हे गोळीगणिक बदलतं आणि फॉरवर्डवाल्याला ते माहीतच नाही. माझाच हिशोब देते. नाईन एमएम मला दुकानात २४ सेंटला पडते, भरून १८ ला. सहा सेंट वाचले. मशीन, डाय म्हणजे केस आकारात आणायचे साचे, वजनकाटा, केस धुवायचं यंत्र असं मिळून माझे ९०० डॉलर गेले, म्हणजे नुसती नाईन एमएम भरत बसले असते तर १५,००० गोळ्यांनंतर पैसे वसूल. माझी रिव्हॉल्व्हरची पॉइंट ३८ स्पेशल मात्र दुकानात ४५ सेंट, भरून तेच १८, तिथे साडेतीन हजारांच्या आतच वसूल. २०२० नंतर प्रायमर मिळेनासे झाले आणि भाव भसाभस वर गेले तेव्हा तर सगळ्यांचेच हिशोब कोलमडले. आणि माझ्या वेळेचे पैसे मी धरलेलेच नाहीत. शिवाय गोळी स्वस्त झाली की माणूस जास्त मारतो, वर्षाचा खर्च होता तेवढाच राहतो. आमच्या घरात हे वाक्य नवऱ्याला पाठ आहे.

राहिला एक रविवार. याच्यावर मला खरा राग आहे.

ऑक्टोबरमधली गोष्ट. इथे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे सहा, आई चहाचा कप घेऊन व्हिडिओ कॉल करते ती वेळ. मी मशीनचा दांडा अर्ध्यावर सोडून फोन घेतला, दहा मिनिटं बोलले, परत आले आणि पुढे सुरू केलं. एका केसला पावडर पडलीच नव्हती. पुढच्या शनिवारी मॅचला चौथ्या गोळीला धाडकन ऐवजी नुसतं फुस्स, आणि माझ्या मागचा रेंज ऑफिसर एवढ्या जोरात "स्टॉप!" ओरडला की मी आधी आवाजानेच गोठले. नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी बॅरलमध्ये अडकली होती, सिलिंडर फिरेना, म्हणून वाचले. तीच जरा पुढे जाऊन बॅरलमध्ये बसली असती आणि मी त्या तंद्रीत अजून एकदा ट्रिगर ओढला असता तर बॅरल फुगलं असतं किंवा फुटलं असतं. घरी आणून पितळेच्या सळीने ठोकून काढली. त्या बॅचच्या उरलेल्या ३०० गोळ्या एकेक फोडल्या, दोन संध्याकाळी गेल्या.

आणि ही तर कमी पावडरची गोष्ट. पॉइंट ३८ स्पेशलची केस मुळात काळ्या दारूच्या जमान्यातली, १८९८ च्या सुमारची, आत ऐसपैस जागा. आजची पावडर तिच्या तळाशी चिमूटभर दिसते. चुकून दोनदा पडली तरी ओसंडून वाहत नाही, वर बुलेट गुपचूप बसते आणि बाहेरून गोळी अगदी शहाण्यासारखी दिसते. म्हणून आता प्रत्येक केसमध्ये दिवा लावून डोकावल्याशिवाय दांडा खाली येत नाही आणि फोन वर किचनमध्ये. आईला सांगून ठेवलंय, मंगळवारी मी भरायला बसते, तेव्हा कॉल नको.

हो, फॉरवर्डमधल्या फोटोत मशीनशेजारी कॉफीचा मग आहे बघा. शिशाच्या बुलेट, प्रायमरमध्ये शिशाचं संयुग, वापरलेल्या केसेसवर तीच काजळी, आणि हा माणूस तिथेच घोट घेतोय. त्या टेबलावर मी शेंगदाणासुद्धा खात नाही.

हे सगळं मी ग्रुपवर चार तुकड्यांत लिहिलं, त्यावर दादाचा रिप्लाय: "मग एवढा उपद्व्याप करतेस कशाला?"

तर दादा, माझी रिव्हॉल्व्हर आठ गोळ्यांची, आठही गोळ्या मूनक्लिप नावाच्या चकतीत अडकवून एकदम घालायच्या आणि एकदम काढायच्या. स्पेशलची केस लांब, घालताना अडते, काढताना लोंबते. म्हणून आम्ही बरेच जण ३८ शॉर्ट कोल्ट वापरतो, ती जवळजवळ एक सेंटिमीटरने आखूड, पटकन पडते, पटकन बसते, आणि केस छोटी असल्यामुळे पावडर डबल पडली तर लगेच डोळ्यांवर येते हा वरचा फायदा. पण दुकानात ती मिळते कुठे? महिनोन् महिने शेल्फ रिकामा. रविवारी मॅच आहे, २०० लागतात, १४० झाल्यात, आणि तुझं हे पुराण लिहिण्यात आजची संध्याकाळ गेली.