लॅपटॉप का सापडला नाही : आपल्या अभिप्रायाला उत्तर

आदरणीय महोदया,

नागपूरहून पुण्याला येताना रेल्वेच्या डब्यातून आपली बॅग चोरीला गेली. तिच्यातला मोबाइल सरकारच्या मोफत पोर्टलमुळे परत मिळाला, पण ज्याच्या संरक्षणासाठी आमच्याकडे वर्षभराचे पैसे भरले होते तो लॅपटॉप मिळाला नाही, आणि नकाशावर जागा दिसत असूनही आम्ही पत्ता दिला नाही, असे आपण लिहिले आहे. घडले ते असेच घडले. शिवाय शनिवारी रात्री केलेल्या तक्रारीला आमच्याकडून सोमवारी सकाळी उत्तर गेले, हेही खरे आहे. चोर सुटीचा दिवस पाळत नाहीत, तेव्हा तो आम्हीही पाळायला नको होता. त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

‘मोफत पोर्टलला जमले ते तुम्हाला का जमले नाही?’ हा आपला प्रश्न रास्त आहे. प्रत्येक मोबाइलला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो आणि त्यात कोणतेही सिम घातले की तो क्रमांक मोबाइल कंपनीच्या नेटवर्कला दिसतो. मे २०२३ पासून देशभर खुल्या झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या सीईआयआर (हरवलेले, चोरीला गेलेले मोबाइल ब्लॉक करणाऱ्या) यंत्रणेत आपण तो क्रमांक ब्लॉक केला. त्यामुळे पुढे कुणी त्या फोनमध्ये सिम घातले, तेव्हा त्याची माहिती पोलिसांपर्यंत गेली. फोन रीसेट केला तरी हा क्रमांक पुसला जात नाही. आपल्या लॅपटॉपला मात्र सिमची सोय नाही, म्हणून आयएमईआय क्रमांकही नाही. त्याच्या तळाशी छापलेला सीरियल नंबर कोणत्याही नेटवर्कला दिसत नाही. लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला आणि त्याची जागा कळवणारा आमचा प्रोग्रॅम त्यात शाबूत असला, तरच आम्हाला त्याचा ठावठिकाणा कळतो. विंडोजमध्ये पासवर्ड माहीत नसतानाही लॉगिनच्या पडद्यावरून वाय-फाय जोडता येते. आपला लॅपटॉप त्या रात्री बहुधा तसाच जोडला गेला असावा, कारण आमच्याकडे त्याची एकच नोंद आली. त्यानंतर तो गप्प झाला. पेनड्राइव्हवरून नवी विंडोज टाकून डिस्क कोरी केली की आमचा प्रोग्रॅमही पुसला जातो, आणि माझ्या अंदाजाने इथे तेच झाले आहे.

त्या एका नोंदीतून आपल्याला नकाशावर जे वर्तुळ दिसले, ते घराचा पत्ता नव्हे. आपल्या लॅपटॉपमध्ये जीपीएस नसल्यामुळे आजूबाजूच्या वाय-फाय राउटरांवरून जागेचा अंदाज बांधला जातो. दाट वस्तीत त्या वर्तुळात कित्येक घरे येतात आणि मजला तर मुळीच कळत नाही. त्यातले एक दार निवडून आपल्याला सांगणे मला आजही योग्य वाटत नाही. तिथे राहणाऱ्याने तो लॅपटॉप जुन्या बाजारातून बिल घेऊन विकत घेतलेला असू शकतो, आणि तो खरोखरच चोर निघाला तर आपण एकट्याने त्याच्या दारात उभे राहणे त्याहून वाईट. आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) कोणत्या ग्राहकाचा होता, हे इंटरनेट कंपनीकडून अधिकृतपणे मागवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, आम्हाला नाही.

मात्र हे सगळे पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे होते. आमच्या संकेतस्थळावर ‘चोरीला गेलेला लॅपटॉप परत मिळवा’ असे ठळक लिहिले होते आणि आपण त्यावर विश्वास ठेवला. ते वाक्य मीच लिहिले होते. आता ते काढून ‘लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेल्यास त्याची जागा कळते, डिस्क कोरी केल्यास कळत नाही’ असे लिहिले आहे. विक्री विभागाला ते आवडलेले नाही.

आपली वर्षाची पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात सात दिवसांत जमा होईल. नोंदीची तारीख, वेळ, आयपी अ‍ॅड्रेस आणि आसपासच्या राउटरांची यादी असलेला सही-शिक्क्याचा अहवाल आज आपल्या ईमेलवर पाठवला आहे. त्याची छापील प्रत आणि सीरियल नंबर असलेले खरेदीचे बिल तपास अधिकाऱ्यांकडे द्यावे. इंटरनेट कंपन्या अशा नोंदी कायम ठेवत नाहीत, म्हणून हे शक्यतो याच आठवड्यात करावे. अधिकाऱ्यांना तांत्रिक खुलासा हवा असल्यास मी स्वतः पोलीस ठाण्यात येईन.

आपला नम्र,
संचालक