मारून गप्प केलेला कुत्रा शिकलेला नसतो

गेल्या महिन्याभरात तोच एक मेसेज मला चार ठिकाणांहून आलाय. वाडीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आणि परवा आमच्या होमस्टेला राहून गेलेल्या एका पाहुण्यांनी पण पाठवला, "ताई, तुमच्या खंड्यासाठी" म्हणून. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं थोडक्यात सांगते. कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कळपाचा राजा लागतो, तुम्ही नाही झालात तर तो होईल. खाऊ देऊन शिकवलेला कुत्रा लाचखाऊ होतो. घरात मुतला तर त्यात नाक घासा. गुरगुरला तर तिथल्या तिथे पाठीवर पाडून मान दाबा नाहीतर एक ठेवून द्या. फटाक्यांना घाबरला तर जवळ घेऊ नका, अजून भित्रा होईल. आणि शेवटी ठळक अक्षरात, गावठी कुत्र्याला काठीचीच भाषा कळते.

आम्ही मालवण तालुक्यात राहतो, खंड्या साडेचार वर्षांचा, बंदरावर जाळ्यांच्या ढिगाखाली सापडलेला पक्का गावठी. ह्या मेसेजमधली एक गोष्ट आम्ही घरात करून बसलोय आणि ती माझ्या मुलाच्या हातावर निघाली, म्हणून मी हे एवढं लांबलचक लिहितेय.

आधी ते लांडग्याचं. ही कळपाच्या राजाची गोष्ट आली कुठून, तर रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात लांडगे बघून 1947 साली लिहिलं तिथून. ते लांडगे पिंजऱ्यात कोंडलेले होते, मग मारामाऱ्या होणारच. पुढे लांडग्यांचे अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकातून ती कल्पना जगभर गेली. पण त्याच मेक यांनी 1986 पासून उन्हाळ्यात कॅनडातल्या एल्समिअर बेटावर जाऊन मोकळे लांडगे बघितले आणि 1999 मध्ये स्वतः लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी भांडण वगैरे नसतं. आपलंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. म्हणजे ज्यांच्यामुळे ही गोष्ट पसरली तेच ती मागे घेऊन बसलेत आणि आपण इकडे अजून फॉरवर्ड करतोय. शिवाय कुत्रा माणसासोबत निदान 14 हजार वर्षं राहतोय. खंड्या सोफ्यावर चढतो तो सोफा मऊ आहे म्हणून, घर ताब्यात घ्यायला नाही.

आता लाच. आमच्या शेजारच्या काकी पण मला हेच म्हणाल्या होत्या, "गो, तेका असो खाव घालीत रवलंस तर उद्या तो तुझ्या डोक्यार बसतलो." काकींना मी रापणीचंच, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचंच, उदाहरण दिलं. रापण ओढायला जो दोरीला लागतो त्याला मासळीचा वाटा मिळतो, त्याला आपण लाच म्हणतो का? कामाचा वाटा म्हणतो. काम झाल्यावर मिळतो तो वाटा, आणि काम व्हायच्या आधी नाकासमोर नाचवतात ती लाच, एवढाच फरक आहे आणि बहुतेक लोकांचं इथेच चुकतं. कुत्रा ऐकत नाही म्हणून हातात बिस्किट धरून "ये ये ये" करायचं, मग तो बिस्किट दिसलं तरच येणार, त्यात त्याची काय चूक. खाऊ खिशात पाहिजे, दिसायला नको. हाक मारली, तो आला, लगेच "शाब्बास" म्हणायचं आणि मग खिशात हात घालायचा. ते "शाब्बास" सेकंदा-दोन सेकंदात आलं पाहिजे नाहीतर नक्की कशाबद्दल मिळालं ते त्याला जुळवता येत नाही.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, काटा काढलेला उकडलेला मासा, आमच्याकडे ह्यातलं काहीतरी असतंच, आणि जेवढं दिलं तेवढं त्याच्या जेवणातून कमी करायचं. सुकट नाहीतर सुका बांगडा तसाच देऊ नका, मीठ फार असतं. कांदा, चॉकलेट, द्राक्षं, मनुका अजिबात नाही, ते विषारी आहे त्यांना. एकदा गोष्ट पक्की जमली की दरवेळी खाऊ लागत नाही, कधी खाऊ, कधी मान खाजवणं, कधी नुसतं समुद्रावर मोकळं सोडणं. खंड्याला तर पुळणीवर धावायला मिळणं चिकनपेक्षा मोठं वाटतं.

नाक घासण्याबद्दल मला खरंच चीड येते. तुम्ही बाजारातून येता, पडवीत घाण दिसते, कुत्र्याला ओढत नेऊन नाक घासता, त्याने केली दोन तासांपूर्वी. त्याला एवढंच कळतं की माणूस घरात आला आणि जमिनीवर ओलं असलं की मार पडतो. मग लोक म्हणतात, "पण त्याचं तोंड बघा ना, त्याला माहितीये त्याने चूक केली." कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. मालकाने बिस्किट खाऊ नको सांगून खोलीबाहेर जायचं, परत आल्यावर त्याला कधी खरं तर कधी खोटं सांगायचं की कुत्र्याने खाल्लं. तर ते अपराधी तोंड मालक ओरडला की दिसायचं, कुत्र्याने खाल्लं असो वा नसो. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो ती भीती आहे, "आता चिडू नको" एवढंच तो सांगतोय. आणि मार खाल्लेला कुत्रा मुतायचा थांबत नाही, तो तुमच्यासमोर मुतायचा थांबतो, मग बाहेर नेलंत तरी दाबून धरतो आणि घरात येऊन खाटेखाली करतो. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. झोपून उठला की, जेवला की, खेळून झालं की लगेच बाहेर, आणि बाहेर झालं की तिथल्या तिथे शाब्बासकी, घरात आल्यावर नाही. आमची पंचाईत पावसात झाली, जुलैत पिल्लू खळ्यात, म्हणजे अंगणात उतरेचना, मग मांगराच्या (गोठ्याच्या) पत्र्याखालची कोरडी जागा ठरवली आणि छत्री घेऊन तिथे उभी राहायचे, तीन आठवडे लागले. घरात झालेली जागा नीट धुवा, वास राहिला की परत तिथेच जाणार.

आता गुरगुरणं, आणि इथे सगळ्यांनी थांबून वाचा प्लीज.

खंड्या दीड वर्षाचा असताना सुरमईचं डोकं खात बसला होता, माझा मुलगा सहा वर्षांचा, तो बाजूने गेला आणि खंड्या गुरगुरला. घरात सगळे घाबरलो. माझ्या नवऱ्याने त्याला काठीने मारलं, आणि पुढे दोन-तीनदा गुरगुरला तेव्हा पण मारलं. मी अडवलं नाही, मला पण तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं. गुरगुरणं थांबलं. आम्हाला वाटलं शिकला. साधारण तीन आठवड्यांनी मुलगा त्याच्या थाळीजवळ पडलेला बॉल घ्यायला वाकला आणि काहीही आवाज न करता खंड्याने त्याचा हात धरला. दोन दात लागले. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला, तसाच दवाखान्यात नेला आणि इंजेक्शनं पूर्ण केली. (कुत्रा घरचा असो, लस झालेली असो, हे करायचंच, ह्यात चालढकल नको.)

त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर वाचत गेले, दोन चांगल्या प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोलले, तेव्हा कळलं की गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं तोंडी बोलणं आहे, "लांब हो, मला भीती वाटतेय". त्याच्या आधी तो अंग ताठ करतो, खाता खाता थांबतो, डोळ्याच्या कडेने बघतो, ते आपल्याला दिसत नाही म्हणून मग तो आवाज करतो. आम्ही त्याची भीती तशीच ठेवली आणि आवाज तेवढा काढून घेतला. वर मुलगा जवळ आला की मार पडतो हे पण शिकवलं, म्हणजे भीती होती त्याच्या दुप्पट केली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी 2009 मध्ये कुत्र्यांच्या मालकांना विचारून जी माहिती गोळा केली त्यात मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी 43 टक्के लोकांचा कुत्रा उलट अंगावर आला होता, आणि पाठीवर पाडून दाबणाऱ्यांपैकी 31 टक्के. मेसेजमध्ये सांगितलेला उपाय हाच आहे ना?

आम्ही मग काय केलं तर सगळ्यात आधी त्याची थाळी मागच्या पडवीत नेली, दार लावून, मुलांनी तिकडे जायचंच नाही. मग मी, फक्त मी, तो जेवत असताना लांबून जायचे आणि जाता जाता थाळीपेक्षा चांगलं काहीतरी त्याच्याकडे टाकायचे, चिकनचा तुकडा, आणि थांबायचं नाही, निघून जायचं. दहा फुटांवरून सुरुवात. अंग ताठ झालं तर दुसऱ्या दिवशी अजून लांबून. दोन महिन्यांनी मी आले की तो थाळीतून मान वर करून शेपूट हलवायला लागला, कारण माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी जाणं नाही, काहीतरी येणं, हे त्याच्या डोक्यात बसलं. तरीही मुलांना आजही जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ देत नाही. आणि तुमच्याकडे चावण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर माझं वाचून करू नका, डॉक्टरला दाखवा, कधी कधी कान नाहीतर दात दुखत असतो म्हणून पण कुत्रा चिडका होतो.

फटाक्यांचं लवकर सांगते. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते हे खरं नाही. बसणं, येणं ही कृती आहे, तिला बक्षीस दिलं की ती वाढते, भीती ही काही कृती नाही, तो ठरवून घाबरत नाही. लहान पोर शिमग्याच्या ढोलाला घाबरून रडलं तर आपण कडेवर घेतो तेव्हा ते जन्मभर रडकं होतं का? खंड्या अंगाला चिकटला तर चिकटू द्या, खाटेखाली गेला तर जाऊ द्या, ओढून काढू नका. गणपतीच्या महिनाभर आधीपासून आम्ही मोबाईलवर ढोल-फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावतो, आवाज सुरू की चिकन, आवाज बंद की चिकन बंद, आणि रोज थोडाच वाढवतो. अजूनही त्याला फटाके आवडत नाहीत पण थरथर कापणं गेलंय.

राहिलं गावठीचं. गावठी कुत्रा बिनडोक असता तर बंदरावर माणसं, गाड्या आणि बाकीचे कुत्रे सांभाळून जगला असता का? कुठली बोट कधी लागते आणि कोण मासा टाकतो हे त्याला बरोबर माहिती असतं, म्हणजे फायदा कशात आहे ते तो आपलं आपण शिकतोच. त्याच शिकण्याचा उपयोग करायचा तर काठी कशाला? पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, 2020 मध्ये छापून आला, त्यात खाऊ-कौतुकाने शिकवणाऱ्या आणि धाक दाखवून शिकवणाऱ्या क्लासमधले कुत्रे होते. धाकवाल्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं हार्मोन) पण जास्त वाढलेलं. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2021 मध्ये सरळ सांगितलं की सगळ्याच कुत्र्यांना बक्षिसानेच शिकवा, आक्रमक असला तरी. त्यात जातिवंत-गावठी असा काही भेद केलेला नाही. आणि आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, जनावराला मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे, मग ते तुमच्या स्वतःच्या मालकीचं का असेना.

आता गणपतीला चाकरमानी येतील, आमच्याकडे पण येणारेत, त्यांना आत्ताच सांगून ठेवते कारण खंड्या अजून आनंदाने उड्या मारतो. तुम्ही त्याच्या छातीत गुडघा घालू नका आणि "असूदे, आमका चलता" म्हणून उडी मारतानाच कुरवाळू पण नका, एकाने कुरवाळलं की माझी आठवड्याची मेहनत गेली, कारण कधीतरी मिळतं म्हटल्यावर तो करून बघतच राहणार. खळ्यात शिरलात की उभे राहा, उडी मारली तर पाठ फिरवा, बोलू नका, चारी पाय जमिनीवर टेकले की लगेच वाका आणि शाब्बास म्हणा. पडवीच्या कठड्यावर झाकणाचा स्टीलचा डबा ठेवलाय, त्यात त्याच्या खाण्याच्या कोरड्या गोळ्या आहेत. एका वेळी एकच द्या, आणि खाली जमिनीजवळ हात नेऊन द्या, वरून दिलीत की परत उडी मारेल.