एका जोडीत एकच कॅमेरा

दिवाळी झाली की कोल्हापूरकरांच्या फेसबुकवर स्कूबा डायव्हिंगचे निळे-हिरवे फोटो झळकायला लागतात. कुणी मालवण-तारकर्लीला जाऊन आलेला असतो, कुणी मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटावर, आणि ज्याचं बजेट बसलं तो थेट अंदमानात. खाली "नाद खुळा", "विषय हार्ड भावा" यांची रांग. मीही त्या रांगेत असतो. पण हल्ली असा फोटो दिसला की मला पहिला प्रश्न पडतो तो वेगळाच. हा फोटो काढताना याचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, कुठं होता? आणि त्याच्याही हातात कॅमेराच होता का?

माझं मत सरळ आहे आणि त्यावरून आमच्या ग्रुपात चांगलीच वादावादी झालेली आहे. एका जोडीत एकच कॅमेरा. दोघांच्याही हातात कॅमेरे असतील तर ती जोडी राहत नाही. एकाच बोटीतून उतरलेली दोन एकटी माणसं, एवढंच.

मालवणला पर्यटक म्हणून करतात त्या स्कूबाबद्दल मी बोलत नाही. तिथं इन्स्ट्रक्टर तुमचं सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो, व्हिडिओ दुसरा कुणीतरी काढतो, तुम्ही फक्त हात हलवायचा. ठीक आहे, मजा आहे. माझा विषय आहे कोर्स करून, डायव्हरचं कार्ड मिळवून, जोडीनं उतरणाऱ्यांचा. कार्ड हातात पडायच्या आत कॅमेरा ऑर्डर झालेला असतो. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं, अजून धड जमत नाही, माणूस एकदा वर तरंगतोय, एकदा तळाला टेकतोय, आणि हातात मात्र दोन लाइट लावलेला सेटअप!

कॅमेरा लक्ष किती खातो हे बाहेरून कळत नाही. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच मरतो. पाण्यातले कण फ्लॅशच्या उजेडात पांढरे ठिपके होऊन फोटोभर पसरतात. दोन्हींवर उपाय एकच, वस्तूच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. म्हणजे माणूस खडकापासून वीतभर अंतरावर, नजर स्क्रीनवर, आणि त्या वीतभर जागेबाहेरचं सगळं जग बंद. वर त्याला वाटतं दोनच मिनिटं झाली.

हवेचा हिशेब मांडून बघा. १२ लिटरचं सिलिंडर २०० बार दाबाला भरलं की साधारण २४०० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव सोडले तर वापरायला उरली १८००. जमिनीवर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर पाण्याच्या दाबामुळं १० मीटर खोलीवर ४० लागतात आणि २० मीटरवर ६०. म्हणजे २० मीटरवर उणापुरा अर्धा तास, तोही शांतपणे श्वास घेतला तर. तुम्ही खडकाच्या आडोशाला फोटो काढत असता, तेव्हा बडी बाहेर पाण्याच्या करंटमध्ये पाय मारत तुमच्यासाठी थांबलेला असतो. त्याची हवा तुमच्या आधी संपणार, हे उघड आहे. तुमचा हवेचा गेज १२० बार दाखवतोय म्हणजे त्याचाही तेवढाच असेल असं धरून चालणारे लोक मी बघितलेत.

बरं, हाक मारायची तर सोय नाही. सिलिंडरवर ठोकलं तर आवाज जातो. पण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं येतो, त्यामुळं तो नेमका कुठून आला हे कानाला समजत नाही. माणूस गोल फिरून शोधत बसतो. मालवणच्या बाजूला पाणी गढूळ असलं की चार-पाच मीटरच्या पलीकडं काही दिसत नाही. तिथं पायातल्या फिन्सचे दोन फटकारे मारले की बडी गायब. कोर्समध्ये शिकवतात ते लक्षात आहे ना? एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर सावकाश वर यायचं आणि तिथं भेटायचं. दोघांनी हा नियम पाळला तरच तो कामाचा. एक वर येऊन बोटीजवळ काळजी करतोय आणि दुसऱ्याला खाली अजून पत्ताच नाही, असं झालं तर नियमाचा उपयोग काय?

नेत्राणीला माझ्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगतो. मित्राचं नाव घेत नाही, ही पोस्ट तो वाचणारच आहे. माझ्या फिनचा पट्टा निसटला. मी त्याच्यासमोर जाऊन हात आडवा धरून हलवला, म्हणजे "काहीतरी गडबड आहे". त्यानं कॅमेऱ्यावरून नजर वर केली, मला झकास ओके दिला आणि परत आपल्या समुद्री गोगलगायीच्या फोटोत घुसला. त्याला वाटलं मी फोटो कसा आला ते विचारतोय! पट्टा होता म्हणून बोटीवर आल्यावर हसण्यावारी गेलं. ज्यातून श्वास घेतो त्या रेग्युलेटरचा प्रॉब्लेम असता तर?

आता आपल्याकडची खास अडचण. पंचगंगेत, विहिरीत पोहून मोठी झालेली आपली माणसं. बुडी मारून कोण जास्त वेळ दम धरतो यावर पैजा लावणारी. पोहता येतं ही चांगलीच गोष्ट आहे, पण स्कूबात पहिला नियमच दम धरायचा नाही हा आहे. आणि फोटोवाले नेमकं तेच करतात. बुडबुड्यांनी मासा पळू नये, हात हलू नये म्हणून श्वास रोखतात. छातीत हवा भरून रोखली की शरीर वर उचललं जातं, वर गेलं की दाब कमी होऊन ती हवा फुगते, आणि फुप्फुसाला इजा व्हायला मीटर-दीड मीटरचा चढही पुरू शकतो. एका फोटोसाठी!

फोटोवाल्यांची बाजू अगदीच खोटी नाही. घाईचा बडी मिळाला की सगळी डाइव्ह वाया जाते. कॅमेरा सेट करेपर्यंत हा पुढं निघून गेलेला, नाहीतर शेजारी येऊन तळाची वाळू उडवणारा. चांगल्या फोटोला वेळ लागतो हे मान्य. म्हणून तर बोटीवरच बोलून घ्यायचं. ही डाइव्ह कॅमेऱ्याची, वेग कमी, अंतर कमी, एका जागी किती वेळ ते आधी ठरलेलं. पुढची डाइव्ह बडीची, तेव्हा कॅमेरा बोटीवर. खाली प्रत्येक दोन-तीन क्लिकनंतर मान वर करून बडीकडं बघायचं, त्याचा गेज विचारायचा. कॅमेरा बीसीडीला, म्हणजे अंगातल्या हवेच्या जॅकेटला, लॅनयार्डच्या दोरीनं अडकवलेला हवा, म्हणजे गरज पडली तर दोन्ही हात मोकळे होतात. कॅमेऱ्याचं महागातलं हाउसिंग (पाणी आत न जाऊ देणारी पेटी) असलं की माणसाची मूठ सुटत नाही, आणि हवा संपलेल्या बडीला तुमचा ऑक्टोपस, म्हणजे जादाचा रेग्युलेटर, त्याच हातानं द्यायचा असतो.

बडीनंही नुसतं ताटकळत राहू नये. त्यानं मासे शोधावेत, टॉर्च धरावा, फोटोवाल्याचे फिन्स मागं प्रवाळावर आपटतायत का ते बघावं. प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण. आणि फोटो टाकताना त्याचं नाव टाका की राव. एवढा वेळ तुमच्यासाठी तो थांबला होता.

जाता जाता घाटाचं. "अजून एक डाइव्ह, फोटो नीट आले नाहीत" म्हणून रविवारी दुपारी परत उतरायचं आणि संध्याकाळी गाडी घाटाला लावायची, ही आपली जुनी खोड. उंचीवर हवेचा दाब कमी होतो म्हणून डाइव्हनंतर विमानासाठी थांबायला सांगतात, एका डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या तर १८. ही शिफारस साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होते आणि आपला घाटमाथा त्याच उंचीच्या आसपास आहे. मालवणच्या पाच-सात मीटरवाल्यांनी घाबरून जायचं कारण नाही. पण खोल आणि लागोपाठ डाइव्ह करणाऱ्यांनी परतीचा घाट धरूनच हिशेब करावा. शेवटची डाइव्ह शनिवारी उरकावी आणि रविवारी निवांत सुरमई खाऊन निघावं.

यंदाच्या नेत्राणीची यादी करायला घेतलीय. नाव देताना बडी कोण, कॅमेरा कुणाचा आणि पहिली डाइव्ह कुणाची, तिन्ही लिहा. दोघांचेही कॅमेरे असतील तर एक घरी ठेवून या, नाहीतर दुसरी बोट बघा.