कोच बघतायत, हं!

तुमच्या पोराचा बास्केटबॉल बरा आहे असं शाळेच्या जिममध्ये कुणीतरी म्हणालंय का? झालं तर मग. बँकेतली शिल्लक बघून घ्या. पोरगा होतकरू निघाला, आणि अमेरिकेत होतकरू पोराच्या आईबापाइतकं दुभतं जनावर दुसरं नाही. मी गेली चार वर्षं दूध देतेय. परवाच्या शनिवारी जरा जास्तच पिळून निघाले, म्हणून म्हटलं, चार अनुभवाचे बोल तुमच्या कानावर घालावेत.

पहिला सल्ला. 'एक्सपोजर' (म्हणजे पोरगा कॉलेजच्या कोचांच्या नजरेला पडणार) हा शब्द दिसला की कार्ड काढायचं. कुणाला दिसणार, किती दिसणार, असले कोकणस्थी प्रश्न विचारायचे नाहीत. (मी कोकणस्थ आहे, मला चालतं.) अशा एका दिवसाच्या 'एक्सपोजर' स्पर्धेचे आम्ही 395 डॉलर भरले. जाहिरातीत 'चाळीसहून अधिक कॉलेज कोच' असं ठळक अक्षरात होतं. पहाटे साडेचारला न्यू जर्सीतून निघालो आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका गोदामात पोचलो. गोदामच ते, आत बारा कोर्ट आखलेली. दारात माझे 20 डॉलर, नवऱ्याचे 20 डॉलर. आधी भरले होते ते पोरानं खेळायचे, हे आम्ही त्याला बघायचे. पोह्यांचा डबा गाडीत ठेवून यायला लावला. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत' ही पाटी वाचत पुण्यात लहानाची मोठी झालेय मी, तरी चार डॉलरचं केळं घेताना जीव खालीवर झालाच.

आमचं कोर्ट अकरा नंबरचं. तिथलं घड्याळ बंद. स्कोअर लिहिणारी मुलगी स्वतःच्या फोनवर वेळ लावून ओरडून सांगत होती, किती मिनिटं राहिली ते. माइकवरचा माणूस दर अर्ध्या तासानं म्हणायचा, "पोरांनो, जोर लावा, कोच बघतायत!" कोचांच्या खुर्च्या होत्या एक आणि दोन नंबरच्या कोर्टाला. अकराला आम्ही आईबाप आणि घाम पुसायचा मॉप घेतलेला एक मुलगा. सबंध दिवसात मी तीन कोच मोजले. एक ज्युनियर कॉलेजचा (इथलं, बारावीनंतरचं दोन वर्षांचं), एक डिव्हिजन थ्रीचा (कॉलेजच्या खेळाच्या तीन पातळ्या, वन सगळ्यात वरची), आणि तिसरे पोलो शर्टातले एक गृहस्थ, जे आमच्या कोर्टाजवळ उभे राहून वहीत काहीतरी टिपत होते. नवऱ्यानं चिरंजीवांना डोळ्यांनी खुणावलं. पोरानं दोन थ्री-पॉइंटर टाकले, अंगावर येणाऱ्या दांडग्या सेंटरपुढे उभा राहून चार्ज घेतला, म्हणजे धडक झेलली, गुडघा सोलून घेतला. मध्यंतराला ते गृहस्थ थेट आमच्याकडेच आले. बुटात घालायचे इनसोल विकत होते.

रात्री घरी आल्यावर मी एनसीएएचं, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचं, खेळाडू-भरतीचं कॅलेंडर उघडलं. (हे आधी उघडू नका, उत्साह जातो.) डिव्हिजन वनच्या कोचांना कॅम्पसबाहेर जाऊन मुलांचा खेळ बघायला वर्षातले ठरावीक दिवसच मिळतात. वसंतात काही, जूनमध्ये काही, जुलैत काही. ऑगस्टातला आमचा शनिवार त्यात नव्हताच. म्हणजे चाळीस कोच आले नाहीत अशी तक्रारसुद्धा करायची सोय नाही. त्यातल्या मोठ्या कॉलेजांना यायला नियमानं बंदी होती, आणि हे जाहिरात छापणाऱ्याला माझ्याआधी माहीत होतं.

जुलैत हे कोच असतात कुठे? साउथ कॅरोलायनात, नॉर्थ ऑगस्टाला, नायकेच्या पीच जॅम स्पर्धेत. एरवी टीव्हीवर दिसणारे मुख्य कोच तिथे ओळीनं बसलेले असतात. तिथे खेळायला फॉर्म भरून चालत नाही. बुटांच्या कंपन्यांच्या टीम असतात, पोरांना शोधून घेतात, बूट-कपडे-प्रवास बहुधा कंपनीच्या खिशातून. थोडक्यात, तुमच्या पोरात दम आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे: पैसे कोण भरतंय ते बघा. पण ही खूण लक्षात ठेवू नका, पुढचे सल्ले वाया जातील.

कोचला मेल पाठवा. 'तुझा खेळ आवडला, संपर्कात राहा, आमच्या समर कॅम्पला ये' असं उत्तर येईल. कॅम्पची फी खालच्या ओळीत असते.

हायलाइट्सच्या व्हिडिओत चुकलेले शॉट घालू नका. व्हिडिओ पन्नास सेकंदांचाच झाला तरी चालेल.

उंची वाढवा. डिव्हिजन वनच्या मुलांची सरासरी उंची सहा फूट पाच इंचांच्या आसपास जाते. मी पाच दोन, नवरा पाच आठ, पोरगा पाच अकरा. आमच्या घराण्यात तो ताडमाड समजला जातो, आजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर "दृष्ट काढ गं त्याची" म्हणते. ज्यांना भारतीय वंशाचं उदाहरण हवं असतं त्यांच्यासाठी सिम भुल्लर आहे. एनबीएत, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, 2015 साली, उंची 7 फूट 5 इंच. किती सामने खेळला? तीन.

कुणी अशी आकडेवारी काढली की लगेच जॉर्डन काढायचा. 'जॉर्डनलासुद्धा शाळेनं टीममधून काढलं होतं!' काढलं नव्हतं हो. विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या टीममध्ये न घेता धाकट्यांच्या टीममध्ये ठेवलं, जसं बहुतेक पोरांना ठेवतात. पण ही दंतकथा पोरगा खेळतो त्या क्लबच्या प्रत्येक फी-सभेत कामाला येते. जॉर्डन नाही चालला तर एनबीएचा स्टार स्टीफ करी. बघा, मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजात गेला! वडील एनबीएत सोळा सीझन खेळले होते, एवढं फक्त सांगायचं नाही. आमच्या पोराचे वडील कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये बारावे होते.

मुलाला नापास करा. थट्टा नाही, इथे याला 'रीक्लास' म्हणतात आणि ते अभिमानानं सांगतात. आमच्या वेळी एका वर्गात दोनदा बसलेल्या मुलाच्या घरी पाहुणे जपून बोलायचे. इथे आठवी दोनदा करायला लोक खाजगी शाळेची फी भरतात. आठवीच का? कारण नववी सुरू झाली की एनसीएएचं घड्याळ सुरू होतं, चार वर्षांत सोळा कोअर विषय व्हावे लागतात. बारावीनंतर प्रेप स्कूलमध्ये आणखी एक वर्ष काढणारे वेगळे, बोर्डिंग असेल तर पन्नास-साठ हजार डॉलर. एवढ्यात पोरगा वर्षानं मोठा होतो. घरी ठेवला असता तरी झाला असता, फुकट.

मुलगा एच-फोर व्हिसावर (आईबापाच्या नोकरीवर आलेला, स्वतः कमवायची परवानगी नसलेला) असेल, तर नाव आणि फोटो विकून पैसे मिळवायच्या गप्पा आपण ऐकायच्या आणि टाळ्या वाजवायच्या.

आता पोर्टल. हे नीट सांगते, कारण आमच्या क्लबच्या कोचनं चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही. 2018 मध्ये ट्रान्स्फर पोर्टल आलं. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं तर त्यात नाव टाकायचं. तेव्हा कॉलेज बदललं की बास्केटबॉलवाल्याला वर्षभर बाहेर बसावं लागायचं. 2021 मध्ये पहिल्या बदलीची ती अट गेली, 2024 मध्ये अभ्यास सांभाळणाऱ्याला कितीही वेळा बदली मोकळी झाली. 2025 च्या वसंतात डिव्हिजन वनच्या पुरुषांच्या बास्केटबॉलमधून दोन हजारांहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये होते. आता तुम्ही कोच व्हा. दोन वर्षांत जिंकला नाहीत तर नोकरी जाणार. टीममध्ये जागा पंधरा. समोर दोन हजार तयार गडी, बावीस-तेवीस वर्षांचे, दाढीवाले, कॉलेजचे शंभर सामने खेळलेले. शिवाय युरोपातल्या क्लबांत मोठ्यांबरोबर खेळून आलेले. आणि एका कोपऱ्यात आमचा सतरा वर्षांचा, पाच अकरा, अजून कपडे वाळत घालायला विसरणारा. कुणाला घ्याल? नवरा आयटीत आहे, त्याला एका वाक्यात कळलं: "फ्रेशर नकोत, लॅटरल हवेत." त्यात 6 जून 2025 ला न्यायालयानं हाउस खटल्यातली (खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर भरलेल्या) तडजोड मान्य केली, आणि आता कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना पैसे मिळू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही, इतकी वर्षं त्यांच्या घामावर बाकीचेच गबर झाले. पण पैसे मोजून घ्यायचं ठरल्यावर कच्चा माल कोण घेईल? शाळेतून बास्केटबॉल खेळणारे मुलगे देशात सुमारे 5 लाख 40 हजार. त्यातले डिव्हिजन वनला पोचतात ते शंभरात एक. हा शंभरातला एक पोर्टलच्या आधीही शंभरातलाच होता, पण तेव्हा त्याला निदान बाकावर बसून मोठं व्हायला चार वर्षं मिळायची. आता वर्षभरात चमकला नाही तर कोच स्वतःच पोर्टलचा रस्ता दाखवतो.

हे सगळं क्लबला ठाऊक आहे. फी कमी झाली? 3,200 ची 3,600 झाली.

कुठवर आले होते मी? हां, डिव्हिजन थ्री. तिकडे चुकूनही बघू नका. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, आणि मंडळात सांगायला वाईट दिसतं. गणपतीत एक वहिनी मला म्हणाल्या, "डी-थ्री? म्हणजे थर्ड क्लासच ना?" वहिनी, एमआयटी डिव्हिजन थ्री आहे. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, सगळे डिव्हिजन थ्री. तुमची लेक तिथे गेली तर तुम्ही पेढे वाटाल. कॅलटेकसुद्धा. त्यांची टीम 1985 पासून आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, सलग 310 सामने हरली, 2011 मध्ये एका गुणानं जिंकली तेव्हा कुठे खंड पडला. तिथे आमचा पोरगा सुरुवातीच्या पाचांत असता! फक्त त्याला कॅलटेकचं गणित यायला हवं होतं, आणि गणिताच्या क्लासच्या वेळी आम्ही त्याला ड्रिब्लिंगच्या क्लासला पाठवत होतो.

शेवटचा सल्ला 'खेळाडू मूल्यमापन अहवाल'. 395 डॉलरमध्ये तोही होता, मंगळवारी मेलवर आला. वर दुसऱ्याच कुणाचं नाव. खाली: 'कोर्टवरची नजर उत्तम, सातत्य हवं, पुढच्या पातळीवर खेळण्याची क्षमता.' माझ्या तेलुगू मैत्रिणीचा मुलगा आमच्याच टीममध्ये आहे, सहा फूट सहा, सेंटर. तिला विचारलं. तेच तीन तुकडे, त्याच क्रमानं. सविस्तर अहवाल हवा असेल तर 149 डॉलर वेगळे.

नाही, आता मला उपरोध जमत नाहीये.

अहो, 'नाही' म्हणायला तुमच्या तोंडाला काय होतं? चार वर्षांत एका माणसानं माझ्या मुलाला 'नाही' म्हटलेलं नाही. क्लबचा कोच म्हणतो, उशिरा फुलणारा आहे. कॉलेजचा असिस्टंट कोच म्हणतो, संपर्कात राहा. अहवालवाला म्हणतो, क्षमता आहे. 'नाही' म्हटलं की गिऱ्हाईक जातं, म्हणून कुणी म्हणत नाही, आणि सतराव्या वर्षी पोरगा रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो, मेल येईल म्हणून. परतीच्या गाडीत अर्ध्या तासानं मागून आवाज आला, "आई, तो इनसोलवाला खरंच कोच नव्हता ना?" अजून खात्री नव्हती त्याची. लाज वाटायला हवी तुम्हाला. सोललेल्या गुडघ्यावर धंदा करता?

आणि आपण काय कमी आहोत? 'आमच्याकडे डी-वनचे कोच बघून गेले' हे पॉटलकमध्ये सांगणारे आपणच. बघून गेले म्हणजे एक नंबरच्या कोर्टाकडे जाताना इकडून गेले! नवऱ्यानं एक्सेल मांडलं, चार वर्षांचे 23,400 डॉलर. आमच्या राज्याच्या विद्यापीठाची वर्षाची ट्यूशन फी निघून वर उरले असते. आकडा बघून दोघं गप्प बसलो, आणि मग पुढच्या स्पर्धेचा फॉर्म कुणी उघडला? मी. हॉटेल त्यांच्याच यादीतलं घ्यायचं अशी अट होती, तीसुद्धा मुकाट मान्य केली. पोरगा वेडा नाही, पोराला खेळायला आवडतं, ते आवडू दे. वेडे आपण. डोळे उघडून एकदा त्याच्याशी आकड्यांत बोलायचं सोडून त्याच्या तोंडावर 'कोच बघतायत, हं!' म्हणत राहिलो.

फॉर्म मी रद्द केलाय. पैसे परत मिळणार नाहीत, पुढच्या वर्षीच्या फीत वळते करू असं उत्तर आलंय. पुढच्या वर्षी पोरगा कॉलेजात असेल, तेव्हा ते पैसे ठेवा तुमच्याकडेच, आणि आधी त्या अकरा नंबरच्या कोर्टाचं घड्याळ दुरुस्त करा.