रँच, ताक आणि न सांगितलेलं अंडं: एका दोन-स्टार अभिप्रायाला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देते. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या, ओमाहा शहरातल्या आमच्या पिझ्झाच्या दुकानाबद्दल मराठीत आलेला हा पहिलाच अभिप्राय, आणि तो दोन स्टारचा. असो.

तुमच्या तक्रारी चार. रँच, म्हणजे पिझ्झ्याबरोबर बुडवून खायला आम्ही देतो ते पांढरं ड्रेसिंग, ताकासारखं पातळ होतं, बाटलीतल्यासारखं घट्ट नव्हतं. त्या एवढ्याशा वाटीचे ७५ सेंट लावले. त्यात अंडं आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि काकू अंडं खात नाहीत. आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी ते पिझ्झ्यावर ओतून खात होती, त्यांचं बघून तुमचा नातूही तसंच करायला लागला. 'असल्या सवयी लावणारं दुकान मराठी माणसाचं असावं याचं वाईट वाटलं.'

आधी अंड्याचं बोलते, कारण बाकीच्या तिन्हींवर वाद घालता येईल, याच्यावर नाही.

काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं. तिला तुम्ही दोघं नीट आठवता. काकूंनी वाटी नाकाशी नेऊन 'यात काय आहे?' असं विचारलं आणि ती म्हणाली, 'बटरमिल्क अँड हर्ब्ज.' खोटं बोलली नाही, पण अर्धंच बोलली. बटरमिल्क म्हटल्यावर काकूंना ताक वाटलं, त्यात त्यांचं काय चुकलं? त्या वाटीत बटरमिल्कच्या दुप्पट मेयोनीज असतं. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं एगलेस मेयो कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्याकडेही असतं. इथे मात्र 'मेयोनीज' या नावानं विकायचं तर त्यात अंड्याचा बलक असावाच लागतो, तसा सरकारी नियम आहे. हिरवा ठिपका ही भानगडच इथे नाही. बाटलीवर अंड्याचा उल्लेख करणं कायद्यानं बंधनकारक आहे, म्हणून घरी गेल्यावर तुमच्या सूनबाईंना फ्रीजमधल्या बाटलीवर तो दिसला. आमच्या प्लास्टिकच्या वाटीवर काहीच लिहिलेलं नसतं.

ती मुलगी इथलीच, एकोणीस वर्षांची. आपल्यातल्या कितीतरी शाकाहारी लोकांना अंडं चालत नाही, हे तिला सांगायचं काम माझं होतं. माझ्या सासूबाई स्वतः अंडं खात नाहीत. त्या आल्या की मी घरी वेगळं रँच करते, आणि दुकानाच्या फळ्यावर एक ओळ लिहायची मला आठ वर्षांत बुद्धी झाली नाही. काकूंची मनापासून माफी मागते. त्यांना म्हणावं, रागावल्या असतील तर हक्कानं रागवा.

फळ्यावर ती ओळ आता लिहिली आहे. आणि सासूबाईंचं रँच दुकानातही सुरू केलंय: मेयोच्या जागी चक्का. दही रात्रभर फडक्यात टांगायचं, सकाळी त्यात बटरमिल्क आणि सावर क्रीम (विरजलेली आंबट साय) फेटायचं. सावर क्रीमही बघून आणते, कारण काही कंपन्या त्यात जिलेटिन घालतात. हिरव्या टोपणाची बाटली ती बिनअंड्याची.

आता पातळपणा. त्या शनिवारी रँच खरंच पातळ होतं. सकाळी केलेलं दीड वाजताच संपलं, म्हणून दुपारी घाईनं दुसरं कालवलं आणि तासाभरात ते तुमच्या टेबलावर आलं. रँचला फ्रीजमध्ये चार-पाच तास मुरावं लागतं. त्यातली लसणाची आणि कांद्याची पूड, सुकी पार्सली, सुका शेपू हे सगळं ओल शोषून फुगतं, तेव्हा ते चमच्याच्या पाठीला धरतं. (काकू 'ओळखीचा वास येतोय' म्हणाल्या ना? तो शेपूचा.) तोवर लसूण कच्चा लागतो आणि वाटी कलंडली की सगळं टेबलभर. त्या दिवशी 'आज रँच नाही' असं सांगायला हवं होतं. पण शनिवारी नेब्रास्कातल्या पिझ्झाच्या दुकानात हे वाक्य उच्चारायला छाती लागते.

मात्र तुम्ही तुलना बाटलीशी केलीत, ती मला मान्य नाही. बाटलीतलं रँच घट्ट असतं ते झँथन गमसारख्या पदार्थांनी. कपाटात महिनोन्महिने राहिलं तरी घटक वेगळे होऊ नयेत म्हणून ते तसं करतात. आमचं चार दिवसांच्या वर ठेवत नाही. बटरमिल्कही ताक नव्हे, काका. लोणी काढून उरलेलं ते नाहीच. दुधाला विरजण लावून दाटसर केलेलं असतं, खोक्यातून ओतताना गळगळ आवाज करतं. गॅलनभर मेयो, अर्धा गॅलन बटरमिल्क, अर्धा गॅलन सावर क्रीम, वर मसाला. त्यातून दोन-दोन औंसांच्या सव्वाशे वाट्या निघतात, आणि शनिवारी त्या पुरत नाहीत. ७५ सेंट त्याचेच. हा दर मी कमी करणार नाही.

'रँच म्हणजे गुरांचा मळा, त्याचा चटणीशी काय संबंध' असंही तुम्ही लिहिलंय. संबंध आहे, आणि तो आमच्या नेब्रास्कापर्यंत येतो. स्टीव्ह हेन्सन इथल्या थेअर गावात जन्मलेला. अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घ्यायचा आणि तिथल्या कामगारांसाठी स्वयंपाकही करायचा. हे बटरमिल्कचं मिश्रण त्याला तिथेच जमलं. १९५०च्या दशकात त्यानं आणि त्याच्या बायकोनं, गेलनं, कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या डोंगरात एक रँच घेतलं आणि त्याला हिडन व्हॅली नाव दिलं. पाहुणे राहायला यायचे. बाकी धंदा बेताचाच, पण जाताना लोक या ड्रेसिंगच्या बरण्या मागायचे. मग त्यानं मसाल्याच्या पुड्या टपालानं विकायला सुरुवात केली. एका पुडीला ७५ सेंट, म्हणजे आम्ही आज एका वाटीला घेतो तेवढेच! १९७२ मध्ये क्लोरॉक्सनं, म्हणजे ब्लीच विकणाऱ्या कंपनीनं, ते नाव ऐंशी लाख डॉलरला विकत घेतलं. तयार बाटली आली १९८३ मध्ये. कामगारांचं पोट भरायला निघालेली गोष्ट आहे ही, कुणाला बिघडवायला नव्हे.

राहिली ओतून खाण्याची सवय. खरं सांगू? मलाही ओतलेलं आवडत नाही. खालचा पाव भिजून लिबलिबीत होतो आणि माझ्या नवऱ्यानं दोन दिवस आंबवलेल्या पिठाचं सोनं मातीत जातं. पण काउंटरमागे उभी राहून मी हे सगळं बघत असते. काही जण पिझ्झ्याचा मधला भाग तसाच खातात आणि उरलेला कडक काठ तेवढा रँचमध्ये बुडवतात. आमच्या मते हीच खरी जाणकार मंडळी. कुणी फ्राइजबरोबर घेतं, कुणी तळलेल्या काकडीच्या लोणच्याबरोबर. गाजर आणि सेलरी न खाणारी पोरं रँच दिसलं की निमूट खातात. विंग्ज, म्हणजे कोंबडीचे तळलेले पंख, जिथे १९६४ मध्ये सुरू झाल्या त्या बफेलो शहराकडचं आमचं एक गिऱ्हाईक आहे. ते रँचची वाटी परत पाठवतं आणि ब्लू चीजचं (निळ्या बुरशीच्या चीजचं) ड्रेसिंग मागतं, जणू आम्ही त्याच्या कुळाचा अपमान केलाय. आणि गणपतीत मंडळाच्या जेवणात आपलीच पोरं बटाटेवडा लसणाच्या चटणीऐवजी रँचमध्ये बुडवतात, तेव्हा त्यांचे आईबाप दुसरीकडे बघतात. आमच्याकडे दही संपलं की भाजणीच्या थालीपीठाबरोबर हेच असतं. वाईट लागत नाही. आपण मऊ भातावर मेतकूट-तूप घेतो, खिचडीवर ताक ओततो, ते इथल्या माणसाला दाखवून बघा एकदा.

नातवाला ओरडू नका. हवं तर काठ बुडवून खायला शिकवा.

तुमच्या बिलातले रँचचे पैसे परत केलेत. तुम्ही महिनाअखेरपर्यंत इथे आहात असं लिहिलंय, तर काकूंना घेऊन या आणि हिरव्या टोपणाची बाटली मागा. फक्त दुपारी तीननंतर या. चक्क्याचं रँच आम्ही सकाळी दहाला कालवतो, तोवर ते मुरलेलं नसतं.